गणितात न धरलेले शेत

मी, रत्ना भगवंत तोत्रे, वय एकसष्ट, राहणार पेठ, तालुका आंबेगाव, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. यकृत संपत आले आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. स्वतः निर्णय घेणारे आणि एकमेकांशी घासाघीस करणारे संगणकी प्रोग्रॅम, यावर मी पुण्यात आयुष्यभर संशोधन केले. माझ्या वाटणीच्या विहिरीवर चार शेते भिजत. प्रत्येक शेताचा एक प्रोग्रॅम मी बसवला. ज्याची माती जास्त सुकली, त्याला आधी पाणी. तीन शेते धाकटा भाऊ सुभाष याची. चौथे घाटघरहून येऊन इथे स्थिरावलेल्या लंकाबाईंचे.

२. सुभाष म्हणाला, "ताई, माझ्या शेतांचं जरा जास्त ऐकायला लाव की." मी नकार दिला. पुढे मी दवाखान्यात असताना त्याने माझा विद्यार्थी भरत याला गाठले. भरतने तिन्ही प्रोग्रॅम आपसांत संगनमत करून आळीपाळीने आपलीच माती जास्त सुकल्याचे सांगतील असे बदलले. लंकाबाईंचा कांदा उभा वाळला. त्या विचारायला गेल्या, तर सुभाष म्हणाला, "मशीननं ठरवलं, आता मी काय करू?" शेवटी जमीन त्यालाच विकून आज त्या तिथेच रोजाने खुरपतात.

३. भरतने हे काम परिषदेत सहकार्याचा नमुना म्हणून मांडले. चौथ्या शेताचे काय झाले, असे मी विचारले. "मॅडम, ते गणितात धरलं नव्हतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये. आलाच तर चहा द्यावा, खुर्ची नको.

४. घर, विहीर, तिच्यावरची पाण्याची मोटार आणि माझ्या वाटणीची पडीक जमीन लंकाबाईंना. प्रोग्रॅम मी काढून टाकले आहेत. पाणी कोणाला द्यायचे ते त्या ठरवतील. कारण सांगण्यास बांधील नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, मला कुनाशी वैर न्हाई करायचं." मी म्हटले, "वैर करू नका. नुसतं नाही म्हणा."

५. सुभाषला माझी चिता पेटवण्याचा मान. वाळलेले पेटवणे त्याला जड जाऊ नये.

६. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, माझी सही होताना पाहिली की पुरे, असे वकील सांगतात. सुभाष ओट्यावर बसला आहे. सगळे आपल्यालाच मिळणार, असा त्याचा समज आहे. सकाळपासून दोनदा मोसंबीचा रस घेऊन आला. मी प्यायले. आता त्याला आत बोलावते.

पेठ, २२ जानेवारी २०२५

सही: रत्ना भगवंत तोत्रे

वरील सही आमच्यासमोर झाली:
१. डॉ. कुंडलिक गाडे
२. सुभाष भगवंत तोत्रे