पिकअपला क्लच

३ मार्च, सकाळ
संकल्प. आपला ऑटोमॅटिक पिकअप मॅन्युअल करायचा. घरच्या घरी, पंधरा दिवसांत. ३० तारखेला मुलीला सामानासकट नोकरीच्या गावी सोडायचंय. वाटेत घाट आहे. तिथे तिला क्लच आणि गिअर मी शिकवणार. पोर ऑटोमॅटिकवर शिकली, त्याला मी ड्रायव्हिंग म्हणत नाही. घर सोडताना बापानं मुलीला काहीतरी द्यायला हवं. बायको म्हणाली, गादी द्या.

५ मार्च
मेव्हणा येऊन गेला. त्याचं गॅरेज आहे, म्हणून नसत्या शंका फार. म्हणे, भाऊजी, करू नका. आणि करायचंच असेल तर गिअरबॉक्स, पेडल, शाफ्ट, वायरिंग सगळं एकाच गाडीचं घ्या. हो हो म्हटलं. त्यामुळे लवकर गेला.

८ मार्च
भंगारवाल्याकडून गिअरबॉक्स आणला. नुसता गिअरबॉक्स. बाकीचं किरकोळ लागेल तसं बघू.

९ मार्च, सकाळी ६
जुना गिअरबॉक्स आज खाली. जेवणाच्या आत.

९ मार्च, संध्याकाळ
नऊपैकी आठ बोल्ट निघाले. नववा अशा जागी आहे की हात पोचला तर दिसत नाही आणि दिसला तर हात पोचत नाही. कंपनीत डोकी नाहीत.

१३ मार्च
नववा निघाला. पाठोपाठ गिअरबॉक्सही, जॅकची वाट न बघता. अंगणातली फरशी फुटली. डावा पाय थोडक्यात वाचला. क्लचसाठी तो लागणारच आहे.

१८ मार्च
नवा बसला. क्लचच्या पेडलसाठी भोक पाडलं. चुकीच्या जागी पडलं. दुसरंही. तिसरं बरोबर. केबिनमध्ये हवा खेळती राहील.

२१ मार्च
मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट चार इंच आखूड पडतोय. मी गाडीखाली असताना मुलगी वाकून म्हणाली, बाबा, टेम्पो ठरवून ठेवू का? मी नको इतका चिडलो. ती आत गेली. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

२५ मार्च
टर्नरकडून शाफ्ट वाढवून घेतला. सगळं जोडून झालं. गाडी सुरू होत नाही. मेव्हण्याला फोन केला. आधी पोटभर हसला. गाडीचा कॉम्प्युटर म्हणे अजून जुना गिअरचा दांडा ‘पार्क’वर यायची वाट बघतोय. दोन वायरी एकमेकींना जोडा, झालं. कुठल्या दोन, हे कसं कळणार? मी अख्खा जुडगा कापून टाकलाय. पसारा नको म्हणून.

२९ मार्च
वायरी जोडून बघतोय. रिव्हर्सचा दिवा लागला, मग फ्यूज उडाला. प्रगती आहे.

३० मार्च
टेम्पो आला. तिनं ठरवूनच ठेवला होता. सामान वीस मिनिटांत भरलं. पुढे ड्रायव्हर, ही आणि मुलगी. चौथ्याला जागा नाही. मी मागे गादीवर बसतो म्हटलं. हिनं नुसतं पाहिलं.
मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही सावकाश या. गाडी झाली की या.”
फाटकाशी उभा राहिलो. रडू आलं. डोळ्यात ग्रीस गेलं असं लिहिणार होतो, पण ही वही वाचतंय कोण.

३१ मार्च
मेव्हण्यानं दहा मिनिटांत गाडी सुरू करून दिली. फाटकापर्यंत नेताना माझ्या हातून चारदा बंद पडली. वीस वर्षांत क्लच दाबला नाही, हे लक्षातच आलं नव्हतं. मेव्हणा म्हणाला, शिकवू का? मी ऐकलं नाही असं दाखवलं.
दुपारी मुलीचा फोन. काल घाट संपल्यावर मोकळा रस्ता लागला, तिथे टेम्पोवाल्या काकांनी तिला गिअर शिकवले. अर्ध्या तासात जमलं.
“सोपं असतं हो, बाबा. मी उगाच घाबरत होते.”
मग आईनंही दोन किलोमीटर चालवला म्हणे.
छान झालं म्हटलं. फोन ठेवला.
त्या टेम्पोचा क्लच हलका असणार.