एकांताचा भंग

रविवार, २ नोव्हेंबर १९९७
आज पनवेलला आले! रोह्याहून निघताना आप्पांनी ट्रंक स्वतः बांधली आणि एकच अट पुन्हा ऐकवली: माझ्याविषयी एक शब्द जरी त्यांच्या कानी आला, तर ट्रंकेसह परत. अट मला सोपी वाटली. माझ्याविषयी कोण काय बोलणार? घरमालक कृष्णकांतराव शिस्तीचे आहेत. खोली पहिल्या मजल्यावर. खिडकीशी टेबल, मागे खाट. उद्यापासून वाचनालयात सहायक ग्रंथपाल. आतून स्वतःची कडी असलेले दार मला आयुष्यात प्रथमच मिळाले आहे.

समोर भगवानशेठांचा नवा बंगला. फाटकावर रोखलेला कॅमेरा त्यांच्या भाच्याने दुबईहून आणून बसवला, असे घरमालक कौतुकाने सांगत होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
शेठांच्या पत्नी शकूवहिनींनी चहाला बोलावले. दिवाणखान्यात दोन टीव्ही. एकावर मालिका, दुसऱ्यावर सदैव फाटक. आळीतल्या बायका बिरड्याचे वाल सोलत दुसराच पाहत होत्या. फाटकाच्या वर माझी खिडकी दिसते. टेबल, खाट, सारे. वहिनी मायेने म्हणाल्या, आमी तुला रोज बघतो गो, वाचताना एकटीच हसतेस. काल भात करपला ना, असे दुसरीने विचारले. सगळ्या हसल्या. मीही हसले. आता वाचताना तोंडावर हात धरते.

रविवार, ९ नोव्हेंबर
कॅमेरा किंचित वळवण्याची शेठांना विनंती केली. भिंत माजी, कॅमेरा माजा, तो बघतो माजं फाटक. खिडकी तुजी हाय, तू लावून घे, असे ते म्हणाले. म्हणणे रास्त वाटले. खिडकी लावली, आतून आईचे जुने लुगडे टांगले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
काल वाचनालयाला सुटी होती. दिवसभर खिडकी उघडली नाही. आज वहिनींनी विचारले, काल दुपारभर पडून होतीस, ताप नाय ना?

बुधवार, १२ नोव्हेंबर
पोलीस चौकीत अर्ज दिला. मसुदा चार वेळा केला होता: ‘शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यामुळे माझ्या एकांताचा भंग होत आहे.’ हवालदारांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारले, एकांत? कोणाबरोबर? बाकावरची माणसे खो खो हसली. मग चोरीला काय गेले, असे विचारले. काही नाही, मी म्हणाले. त्यांनी तेवढेच लिहून घेतले.
मराठीत मी तालुक्यात पहिली आले होते. वाचनालयातले सारे शब्दकोश चाळले. मला हवा असलेला, आणि हवालदारांना कळेल असा शब्द त्यांत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
अर्जातला ‘एकांत’ माझ्याआधी आळीत पोहोचला होता. वहिनी आज हसल्या नाहीत. खाटेवर बसतो तो कोण, असे त्यांनी विचारले. पांढऱ्या सदऱ्याचा. मी वाचते तेव्हा तो मागून माझ्याकडे बघतो म्हणे. म्हणून हसते होय ही, असे कोणी पुटपुटले.
कृष्णकांतरावांनी येऊन खाटेखाली वाकून पाहिले. कोणी नव्हते. मग ते समोर जाऊन टीव्ही पाहून आले. आल्यावर माझ्याकडे पाहिले नाही. आप्पांना तार केली आहे, एवढेच सांगितले.

रविवार, १६ नोव्हेंबर
स्वतः जाऊन पाहिले. मी लावलेली खिडकी टीव्हीवर सताड उघडी. पण खाट रिकामी! पाहा, कोणी नाही, मी ओरडलेच. वहिनी म्हणाल्या, तू इथं हायस, मग तो तिथं कशाला येल?
मी पुन्हा पडद्याकडे पाहिले.
गादीच्या मधोमध खळगा होता. सकाळी मी चादर ताणून निघाले होते.

सोमवार, १७ नोव्हेंबर
आप्पा आले. आधी समोर गेले. माझ्याकडे नाही.
लुगडे काढले. खिडकी उघडली. समोरच्या दिवाणखान्यात त्यांची पाठ दिसते. टोपी हातात. मी दोन्ही हात वर केले. आप्पा, पाहा, मी एकटी —
वळत नाहीत. टीव्हीच पाहतात.
लिहीत राहते. हसत नाही. हे त्यांना दिसावे —
आप्पा उठले. वहिनी टीव्हीवर बोट ठेवतात, माझ्या मागे —
खाट करकरली.
वळले तर म्हणतील, त्याच्याकडे पाहिले. न वळले तर —