चांदीच्या पाण्यातली कार्नेशनं

बहमन महिना, २ तारीख, गुरुवार. सकाळी.
आज संध्याकाळी माहरुखच्या घरी मागणी घालायला जायचं. सोबत आई, मिठाई आणि माझी कार्नेशनची फुलं. इराणातलं फुलांचं गाव म्हणजे आमचं महल्लात; इथे फुलांची दुकानं पैशाला पासरी, पण चांदीचं पाणी फक्त माझ्या दुकानात! आईचे दोन चांदीचे चमचे डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडले, बॅटऱ्या जोडल्या. पाणी हळूहळू फिकट पिवळं. देठ कुजवणारे जंतू खल्लास! आई म्हणाली, चमचे काळे केलेस मेल्या, आता पाहुण्यांचा चहा बोटाने ढवळू का? विज्ञानाला विरोध घरातूनच सुरू होतो.

तोच दिवस, परत आल्यावर.
झकास! माहरुख चहा घेऊन आली, ट्रे जराही हलला नाही. कप मीच कलंडवला. पँट भाजली. शुभशकुन.
तिची आजी म्हणजे त्या घरचं सुप्रीम कोर्ट. म्हणाली, फरामर्जबाळा, आमच्याकडची रीत आहे. मागणीची फुलं ताजी आहेत तोवर उत्तर द्यायचं नाही. फुलांदेखत 'नाही' म्हणणं वाईट आणि 'हो' म्हणणं उतावळेपणाचं. सुकली की सांगू.
मी मनात हसलो. सरळसरळ परीक्षा आहे! फुलं टिकाऊ तर जावई टिकाऊ. म्हातारीला कल्पना नाही, गाठ कोणाशी आहे.

बहमन ९, गुरुवार.
सहज म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. तीनदा 'नको, उगाच त्रास' म्हणालो, मग आत गेलो आणि दोन तास बसलो. फुलं टवटवीत! माहरुख म्हणाली, अहो, ही अजून तश्शीच आहेत. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. कौतुकाचं. मी हळूच फुलदाणीत घरून आणलेलं ताजं चांदीचं पाणी भरलं.
संकल्प : वजन कमी करणे. उद्यापासून. आज पिस्त्याची मिठाई होती.

बहमन १६, गुरुवार.
घातपात! कोणीतरी फुलदाणी हीटरला चिकटवून ठेवली होती. त्या घरात माझा शत्रू आहे. आजीवर संशय. मी फुलदाणी उचलून गार खिडकीत ठेवली, चांदी दुप्पट केली, तपकिरी झालेल्या कडा खिशातल्या कात्रीने छाटल्या. माहरुख दारातूनच बघत होती. लाजते फार.

बहमन १८.
आई म्हणते, गाढवा, मरू दे ना ती फुलं एकदाची! आईला धंद्यातलं काही कळत नाही.

बहमन २३, गुरुवार.
आज फुलदाणीशेजारी पिकलेल्या सफरचंदांची परडी! सफरचंदांच्या संगतीत कार्नेशनं मिटतात, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे शत्रू जाणकार आहे. मी परडी लांब नेली. एक खाल्लं.
माहरुखने विचारलं, तुम्हाला उत्तर नकोच आहे का हो? मी ऐटीत म्हणालो, घाई कसली, अजून महिनाभर हलत नाहीत ही! ती आत गेली. दार धाडकन लागलं. वारा असावा.

बहमन ३०, गुरुवार.
फरश्यांचा दुकानदार सीरूस तिला मागणी घालून गेला म्हणे. हातात ट्यूलिप. तेही बसस्टँडवरचे! हसून हसून पोट दुखलं. दोन दिवसांत माना टाकतील. दया येते बिचाऱ्याची.

एस्फंद महिना, ३ तारीख.
टाकल्या! सीरूसच्या ट्यूलिपांनी माना टाकल्या! माझी कार्नेशनं ताठ उभी. जिंकलो! आईला म्हटलं, मिठाई आण. ती कपाळाला हात लावून बसली आहे. आनंद झेपत नाही तिला.
लग्नाचा सूट शिवायला टाकतो. वजन नंतर बघू.

एस्फंद ७, गुरुवार.
माहरुख दुकानात आली. लग्नाच्या गाडीवर फुलं लावून हवीत म्हणाली. मी म्हटलं, अहो, आपल्या गाडीला पैसे कसले घेतोय!
ती म्हणाली, गाडी सीरूसची आहे.
त्याची फुलं सुकली. आजीने विचारलं. तिने हो म्हटलं. माझं विचारायची वेळच आली नव्हती.
मी म्हणालो, पण तो हीटर? ती सफरचंदं?
म्हणाली, मीच. हीटरजवळ मी ठेवली. सफरचंदं मी आणली. एकदा पाण्यात व्हिनेगरही ओतलं. तुम्ही दर गुरुवारी यायचात आणि वाचवायचात. शेवटी वाटलं, यांना फुलंच हवी आहेत.
काहीतरी बोलायला हवं होतं. गाडीवरची फुलं किती दिवस टिकायला हवीत, एवढंच विचारलं.
एक संध्याकाळ, म्हणाली. जाताना फुलदाणी फुलांसकट परत देऊन गेली.
कार्नेशनं अजून ताजी आहेत. हीटरजवळ ठेवली आहेत.