दाताळ्याची सवय

चि. इंग्रिड,

आशीर्वाद. गुडघा बरा आहे, उगाच रडू नकोस. लेकाकडे करमत नसेल तर गावी सस्कॅचेवानला परत ये म्हणतेस, तर ऐक.

बुधवारी इथल्या पुरुषांच्या गोल्फला गेलो. पहिल्याच भोकात चेंडू घातला आणि वाळूतले पायाचे ठसे पुसायच्या सवयीनं दाताळं कुठाय म्हणून विचारलं. आपल्याकडे भोकाभोवती वाळू, इथं नुसतं गवत!

"आजोबा, गवत विंचरताय काय?" एक तरणा म्हणाला, सगळे हसले. मी बॅग उचलून निघालोच होतो.

तेवढ्यात गस नावाचा एक म्हातारा ओरडला, "थांब रे! आमच्या गावीही वाळूच होती. पुढच्या बुधवारी तू माझ्या जोडीला."

तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का? थांबला असेल तर आपल्या मैदानावर दाताळं ओढायचं माझं काम आता त्यानं घ्यावं.

तुझा दादा,
आर्ने