उसाआडचे चार वाफे

आबा, तुमच्यावर माझा राग हाय. तुमी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हाय. कॉलेजात शुद्ध लिहायला शिकलो, पण तुमच्याशी शुद्ध कवा बोललोच न्हाई, मग आता तरी कशाला. काल माधवनगरला मिलच्या दारात तात्या भेटले. आपल्या मळ्याला लागून ज्यांची एकुलती एक पट्टी हुती, ते तात्या. त्यांनी मला चहाला बसवलं. मी त्यांना न्हाई, त्यांनी मला.

दुष्काळ सरल्यावर तुमी सगळ्या गावाला आपल्या अंगणात बसवलं हुतं. पलटणीतनं पेन्शनीत आलेला माणूस, तुमचा शब्द कोण मोडणार. तुमी म्हणला, रेशनचा लाल मिलो, तो अमेरिकेचा जोंधळा, परत खायचा न्हाई. हायब्रीड जोंधळ्याचं बी गावातच, आपल्या मळ्यात करायचं आणि घरटी वाटायचं. शेतकी अधिकारी सांगत हुता, नराच्या दोन ओळी, मादीच्या चार, पराग वाऱ्यावर जातो, शेजारी देशी जोंधळा फुलला तर सगळं बी वाया. कुणाला कळंना. मग तुमी सोपं केलंत, "हाक ऐकू जाईल तिथवर कुणी दुसरा जोंधळा पेरायचा न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. लय अभिमान वाटला हुता मला, खोटं कशाला बोलू.

बाकीच्यांना दुसरीकडं रानं हुती. तात्यांना न्हाई. तुमी मला घेऊन त्यांच्या घरी गेला. भिंतीवर बुद्धाचा नवा फोटू, खाली सतरंजीवर तुमी. ते म्हणाले, "आबा, माझं वरीसभराचं प्वाट त्या पट्टीत हाय." तुमी म्हणला, "एक साल हरभरा करा. पहिलं बी तुमच्या घरात येईल. माझा शब्द हाय." तुमच्या शब्दावर त्यांनी हरभरा केला. त्या थंडीत गावात एकाच घरात परत मिलो शिजत हुता, आणि त्याच घरातली बाई आपल्या मळ्यात दिवसदिवसभर वाकून भेसळीची ताटं उपटत हुती.

आणि तुमी काय केलंत? मी सुट्टीला आलो तवा मला विहिरीमागनं उसात घेऊन गेलात. मधोमध चार वाफे शाळू, देशी जोंधळा. तुमी लाजल्यागत हसला, म्हणला, "हायब्रीडची भाकरी पुठ्ठ्यावानी लागती रं. आपल्या घरापुरतं केलंय." शेणी पेटवल्या, कणसं भाजली, हातावर चोळून, फुंकून गरम हुरडा माझ्या तळव्यावर ठेवला. वर दम दिला, "बाहेर बोललास तर बघ." चार वाफ्यानं काय हुतंय, असं तुमाला वाटलं असंल. वाऱ्याला काय मोजता येतंय? हुरडा मात्र गोड हुता. अजून आठवला की गोडच लागतो, ह्याची मला चीड हाय.

पावसाळ्यात गावानं ते बी पेरलं. उगवलं ते एक ताट कमरंला, एक डोक्याच्या वर, आणि कणसात दाणा न्हाई. चावडीवर अधिकारी म्हणाला, कुणीतरी देशी जोंधळा केला हुता. सगळ्यांच्या नजरा कुठं गेल्या, तुमी बघितलं. मागनं कोण तरी म्हणालं, "आधी धर्म बाटवला, आता बी." माणसं हसली. तात्या उठले, आवाज न चढवता म्हणाले, "गुडघ्याएवढ्या हरभऱ्याआड पुरुषभर जोंधळा लपतुय व्हय? लपायला ऊस लागतुय." ऊस कुणाचा, हे सगळ्यांना ठावं हुतं. तात्या तुमच्याकडं वळले. "आवं आबा, तुमी सांगा. रोज माझ्या बांधावरनं जात हुता."

तुमी वहाणेच्या अंगठ्याकडं बघत म्हणला, "मी कुठं कुठं बघू?"

एवढंच. पुढच्या साली बियाच्या यादीत त्यांचं घर न्हाई. गावानं टाकलेल्या माणसाला पट्टी कोण कसू देतंय? ती गेली, ते मिलमध्ये आले. चावडीवर हे झालं त्याच पावसाळ्याच्या अखेरीला तुमी गेलात, आणि गावानं तुमाला खांदा देताना म्हणलं, देवमाणूस. मी मडकं धरून पुढं चालत हुतो. तवापासनं कथा लिहितोय, उलट्यासुलट्या, मधीच तोडलेल्या. लोक म्हणतात, नवीन लिहितोय. काय नवीन? एक वाक्य चुकवत फिरतोय.

काल तात्यांनी बशीत चहा ओतला आणि पहिलं काय इचारलं असंल? "गावात हायब्रीड पिकतंय का रं आता?" मी म्हणलं, पिकतंय. ते म्हणाले, "बरं झालं. तुझ्या आबांची लय इच्छा हुती." बशी रिकामी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उसातलं तुला ठावं हुतं का रं?"

हे पत्र तुमाला पाठवायची सोयच न्हाई. पाठवायचंच तर माधवनगरला पाठवलं पाहिजे. पत्ता घेतलाय मी, खिशातच हाय. पण पाठवणार न्हाई. कारण आबा, मीबी त्यांच्यासमोर वहाणेकडं बघितलं, आणि म्हणलं, न्हाई.