कर्नलमध्ये आमचं नाव

३ मार्च
ठरलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे जगभरच्या सर्व्हरांच्या पोटात, माझं नाव जाणार. बाबांना सांगितलं. फॅक्टरीतून रिटायर्ड, वेळच वेळ. त्यांनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या राइट टाउनला सांगितलं.

बग घरचाच. बायको प्रणोती शाळेत शिकवते, तिच्या फाइली घरच्या सर्व्हरवर असतात, ती नेटवर्कवरून लॅपटॉपवर उघडते. लाइट गेली, राउटर बंद पडला, की लॅपटॉपही मरतो.

४ मार्च
कारण सापडलं. फाइल कितीजण वापरतायत याची कर्नल मोजणी ठेवतो. घेतली की अधिक एक, सोडली की वजा एक. शून्य झालं की मेमरीतून साफ. इथे वापर चालू असतानाच शून्य होतंय. उपाय: सगळीकडे एक जास्तीचा मोजायचा. शून्य होणारच नाही! इतकं साधं कोणाला सुचलं नाही, कमाल आहे.

५ मार्च, सकाळ
पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. प्रणोतीच्या लॅपटॉपवरही टाकला. न विचारता. सरप्राइज.

५ मार्च, संध्याकाळ
कर्नलचा हा भाग सांभाळणारा एक जर्मन माणूस लिस्टवर विचारतो, जास्तीचा मोजलेला पुढे वजा कुठे होतो? मत्सर. उत्तर दिलं नाही.

८ मार्च
लाइट दोनदा गेली. लॅपटॉप जिवंत! प्रणोती म्हणाली की ते ठीक, पण दुपारपर्यंत चक्का जाम होऊन राहिला, काहून हात लावला त्याला? रॅम कमी पडत असणार.

९ मार्च
उद्या तिला वर्गाचा रिझल्ट द्यायचाय. लॅपटॉप पुन्हा ठप्प. उघडलेली एकही फाइल मेमरी सोडत नाही. मी समजावलं की हा दोष नाही, निष्ठा आहे. ती माझा लॅपटॉप घेऊन आत गेली. टायपिंगचा आवाज. रिझल्टच असेल.

१० मार्च
रिझल्ट नव्हता. तो तिने शेजारच्या रश्मीदीदींकडे जाऊन केला. इथे माझ्याच मेलला रिप्लाय-ऑल! की मिस्टरांच्या दुरुस्तीआधी लॅपटॉप फक्त लाइट गेल्यावर, तेही फाइल बंद करताना मरायचा. आता रोज जेवणाआधी मरतो. काय उघडलं, काय बंद केलं, सगळं ओळीने. अख्ख्या जगासमोर इज्जत गेली. चार दिवस गढ्याला मामांकडे राहावं म्हणतो.

११ मार्च
जर्मन माणूस खूश. इतकी स्पष्ट तक्रार क्वचित येते म्हणे. बंद करताना नेटवर्क तुटलं तर वजा दोनदा होत होतं, त्याने एक वजा उडवला. माझा पॅच नको म्हणाला. माझ्यामुळेच सुचलं त्याला.

२५ मार्च
दुरुस्ती कर्नलमध्ये गेली. खाली लिहिलंय, बग कळवणाऱ्या: प्रणोती. बाबांनी खोव्याची जलेबी आणली, फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हमारी बहू' सांगितलं. मी दाखवलं की खाली माझंही नाव आहे, प्रत कोणाकोणाला पाठवली त्यात. बाबांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, अच्छा, सूचनार्थ. आमच्या फॅक्टरीत अशी प्रत, ज्याला काही विचारायचं नसे त्याला जायची.