दावणीला किती, ते सांगायचं नाही

आई, गेल्या महिन्यात भर मीटिंगमध्ये मला हसू फुटलं आणि त्याला जबाबदार तू होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू मला साहेबांसमोर अडचणीत आणतेस, म्हणून म्हटलं आज तुला लिहूनच टाकावं. झालं असं, की मी ज्या दूध संघात जनावरांची डॉक्टर आहे, तिथं यंदा एक नवा हिशेब सुरू झालाय. कुठल्या गावात जनावरांना अँटिबायोटिक किती टोचतात ते बघायचं. तू ज्याला ‘कडक विंजेक्शन’ म्हणायचीस ना, तेच. ते दिलं की काही दिवस दुधात उतरतं, आणि ऊठसूट दिलं की रोगच त्याला सरावतो, मग खरी गरज पडते तेव्हा औषध ढिम्म काही करत नाही. तर गावात औषध किती खपलं ते मेडिकलवाल्यांकडून आणि आमच्या डॉक्टरांकडून घ्यायचं, जनावरं किती आहेत ते लोकांना विचारायचं, आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. साधा शाळेतला भागाकार. पडद्यावर गावांची यादी आली आणि सगळ्यात वर आपलं गाव! साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे जनावरांना वैरण टाकतात, की नुसती इंजेक्शनंच?” सगळे हसले. मीही हसले, पण माझं कारण वेगळं होतं. औषधाचा आकडा खरा होता. जनावरांचा आकडा मात्र बघताक्षणी ओळखू आला. तो अगदी तुझ्या वळणाचा होता.

हसू फार वेळ टिकलं नाही, कारण साहेबांनी पुढं सांगितलं की यादीत वर असलेल्या गावांचं दूध घेणं थांबवायचं. म्हणजे आपली डेअरी बंद. तू थंडीत कानाला पदर गुंडाळून कॅन घेऊन जिथं उभी राहायचीस, तीच डेअरी. आता तिथं वहिनी उभी असते आणि रांग तुझ्या वेळेपेक्षा मोठी असते. गावातल्या बायकांना घराबाहेर पडून चार शब्द बोलायला तेवढी एकच हक्काची जागा आहे, हे साहेबांना कसं समजावणार? मी एवढंच म्हणाले, की मला थोडी मुदत द्या, आमच्या गावातली जनावरं मी स्वतः पुन्हा मोजते. साहेबांनी मान डोलावली. सावेडीतल्या घरी परत येताना स्कूटरवर मी तुझ्याशी मोठमोठ्यानं भांडत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला, तेव्हा गप्प बसले.

कारण तू आयुष्यात कधी कुणाला खरा आकडा सांगितला नाहीस. कुणी विचारलं, दावणीला किती, की तू हात झटकून म्हणायचीस, “हायेत की चार-दोन.” फारच खोदून विचारलं तर एक कमी करून सांगायचीस. मोजलं की नजर लागते, नजर लागली की दावण रिकामी होते, हे तुझं शास्त्र. आणि तू एकटी नव्हतीस, अख्खं गाव तसंच होतं. पण तुझ्याइतक्या निर्विकार चेहऱ्यानं ते कुणाला जमत नसे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी शाळेत जायला नुकती लागलेय, पाढे पाठ म्हणून दाखवायची खुमखुमी अंगात आहे. गोठ्यात घटसर्प शिरलाय, जनावरांचे गळे सुजलेत, अंगं तापलीत. श्रीरामपूरहून डॉक्टर फटफटीवर येतात आणि अंगणातूनच विचारतात, “किती जनावरं?” तू म्हणतेस, “चार.” मी ओरडते, “पाच! कपिली मागं हाय!” माझ्या दंडाला असा काही चिमटा बसतो, की डोळ्यांत पाणी येतं. आणि तू डॉक्टरांना शांतपणे सांगतेस, “पोरगी येडी हाय वो. मोजता येत न्हाई तिला अजून.” मला! वर्गात सगळ्यांआधी पाढे पाठ केलेल्या मला! डॉक्टरांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, समोरच्या चौघींना सुया टोचल्या आणि पुढच्या दिवसांच्या चौघींच्या गोळ्या काढून दिल्या. ते गेले आणि तू त्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्यास, गुळात कालवल्यास आणि पाच लाडू वळलेस. सारखे, एकही लहानमोठा नाही. न्यायाला तू पक्कीच होतीस.

व्हायचं तेच झालं. कुणाचाच ताप नीट उतरेना. डॉक्टर पुन्हा आले, सरळ गोठ्यात शिरले आणि त्यांना कपिली दिसली. इतके भडकले! “बाई, औषध म्हणजे काय लग्नातली बुंदी हाय का, सगळ्यांना वाटून खायला? अर्धंमुर्धं औषध दिलं की रोग मरत न्हाई, शहाणा हुतो!” तू पदर सावरून खाली बघत उभी होतीस. मला वाटलं, आता तरी कबूल करशील. तू हळूच म्हणालीस, “बरं, आता पाचांचं द्या. पर कागदावर चारच लिवा.” डॉक्टर खो खो हसले, आणि त्यांनी खरंच तसं केलं. पाचही जगल्या. पुढं कॉलेजात औषधाच्या मात्रेवरचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग पेंगत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर गुळाचे पाच लाडू होते. तो धडा मला कधी वाचावाच लागला नाही.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत फुगून बसले होते. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, मी भिंतीकडे तोंड करून. “ये की जेवायला,” तू म्हणालीस. मी म्हटलं, “मला मोजता येत न्हाई, मला येडीला जेवायला बी येत नसंल.” तू हसलीस, तसा माझा राग आणखी चढला आणि मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर एका बाईनं तुला विचारलं होतं, लेकरं किती, आणि तू सांगितलं होतंस, दोन. दादा, ताई. मी शेजारीच उभी होते, तुझ्या पिशवीचा बंद धरून. “मी तुझी न्हाई का?” असं मी भिंतीलाच विचारलं. तू तव्यावरची भाकरी तशीच ठेवून माझ्याकडे वळलीस. “जे गेलं तर आपला जीव जाईल ना, त्येचं नाव भाईर काढत न्हाईत. कळलं का, येडे?” मग भाकरीवर लोण्याचा एवढा मोठा गोळा ठेवलास. त्यानंतर कित्येक वर्षं मी घरात राणीसारखी वावरले. ताईला शेणाची पाटी उचलायला सांगायचीस तेव्हा मला मनातून तिची दयासुद्धा यायची, कारण तिचं नाव सगळ्या बाजारात जात होतं, आणि माझं नव्हतं.

तुझ्या दहाव्याला आम्ही तिघं नदीवरून परत येत होतो. कोण आधी बोललं आठवत नाही, पण बोलता बोलता निघालं की ताईलाही तू हेच सांगितलं होतंस, आणि दादालाही. ताई शेजारी असली की दादा आणि मी दोन लेकरं. दादा बरोबर असला की आम्ही दोघी. प्रत्येकाला वाटत होतं की लपवलेलं लाडकं ते आपणच. लबाड बाई! दहाव्याच्या दिवशी तीन मोठी माणसं रस्त्यात पोट धरून हसताना बघून गावानं काय म्हटलं असेल कोण जाणे.

तर मी जनावरं मोजायला गावी गेले. पहिलंच घर शेजारच्या म्हाताऱ्यांचं. मी गोठ्याच्या तोंडाशी उभी, डोळ्यांसमोर आठ जनावरं रवंथ करतायत. “बाबा, किती?” “पाच.” “अन् त्या तीन?” म्हातारा जराही न डगमगता म्हणाला, “त्या पावन्या हायेत.” पुढच्या घरी कळलं की कानाला बिल्ले मारायला सरकारी माणसं आली होती तेव्हा घरटी एक तरी गाय उसात नेऊन बांधली होती. दादाकडे गेले तर तो म्हणतो, “लिही नऊ.” मी म्हटलं, “दादा, मी तुझ्याच गोठ्यात उभी आहे.” “म्हनून तर नऊ सांगतोय. परक्याला आठ सांगतो मी.” शेवटी डेअरीसमोर सगळ्यांना गोळा केलं आणि तोल सुटला माझा. औषधाचा आकडा खरा लागतो आणि जनावरं तुम्ही खोटी सांगता, मग भागाकारात प्रत्येक गाईच्या नावावर दुसरीची सुई चढते, डेअरी बंद होणार आहे, कळतंय का, असं तावातावानं बोलले. मग डेअरीवर दूध मापणाऱ्या काकू म्हणाल्या, “मॅडम, डेअरी बंद झाली तर कवातरी परत चालू हुईल. गाय गेली तर?” आई, त्या क्षणी तूच बोलल्यासारखं वाटलं, आणि तुझ्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेले नाही.

दिवस मावळायला दादाच्या ओट्यावर हिरमुसून बसले होते. वहिनी वैरण टाकत होती. प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारून पुढं सरकत होती आणि तोंडानं चालू होतं, “खा गं चांदे, सरक हरणे, बगळे, तू मागं हो...” तुझीच चाल, तुझाच सूर. तू वैरण टाकताना अशीच नावं घेत जायचीस, आणि एखादी रानात राहिली असली तर त्या जागी अडखळायचीस. तू कधी मोजलं नाहीस, पण तुझी एकही गाय कधी चुकली नाही. मी ताडकन उठले. वहिनीच्या हातातली पेंढी पडली.

सकाळी पुन्हा त्याच म्हाताऱ्यांकडे गेले. “बाबा, किती ते राहू द्या. तुमच्या गाईंची नावं काय काय?” म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला, की विचारू नकोस. एकेकीचं नाव, तिची आई कोण, कुणाचं दूध घट्ट, कुणाला पेंड आवडत नाही. तिन्ही पाहुण्या नावासकट हजर! मी तोंडातून आकडा काढला नाही, पाठीमागं हात धरून बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिले. मग घरोघर तेच. एका घरी एका चोखंदळ जर्सीचं नाव ‘मॅडम’ निघालं, मालकीण माझ्याकडे बघून लाजली आणि म्हणाली, “तुमच्यावरनं न्हाई वो, तिचंच वागनं तसं हाय.” उसातल्याही आल्या, पाहुण्याही आल्या. गावात एवढी जनावरं आहेत हे गावालाच माहीत नव्हतं.

भागाकार पुन्हा केला आणि आपलं गाव यादीच्या मध्यावर घसरलं. अगदी तळाला नाही गेलं, खोटं कशाला बोलू? कारण नावं सांगता सांगता बायकांनी कोनाड्यातल्या, देवाच्या फोटोमागच्या अर्ध्या राहिलेल्या औषधाच्या बाटल्याही दाखवल्या. जरा काही झालं की आपल्या मनानं टोचायचं आणि दूध तसंच डेअरीला घालायचं. तिथं मात्र मी तुझ्या त्या डॉक्टरांसारखी भडकले, बुंदीसुद्धा काढली. आता ठरलंय, जिला सुई दिली तिच्या गळ्यात लाल चिंधी, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध कॅनमध्ये नाही. पाळतात की नाही ते काकू बघतात, आणि काकूंपुढं कुणाचं चालत नाही. डेअरी चालू आहे, आई. साहेबांनी विचारलं, तुम्ही हे जमवलं कसं? मी म्हटलं, आमच्याकडे मोजायची पद्धत जरा वेगळी आहे.

तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र मी कुठं टाकणारही नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. नावं विचारताना शेवटचं घर आपलं ठेवलं होतं. गोठ्याच्या कोपऱ्यात गेल्या साली झालेली काळी कालवड आहे. भरली बादली लाथाडते, कुणाचं ऐकत नाही, आणि मी गेले की माझ्या पिशवीचा बंद चघळते. तिचं नाव मी ठेवलंय. लग्नात बदललेलं, मामा गेल्यापासून कुणीच न घेतलेलं, तुझं माहेरचं नाव. रागावू नकोस. वहिनी एकेक नाव सांगत कोपऱ्यापर्यंत आली आणि तिनं तोंड उघडलं, तसा मी हात वर केला. आकडा मी पूर्ण लिहिलाय, एकही कमी नाही. वहिनीला एवढंच म्हटलं, “हिला हिशेबात धरलंय मी. हिचं नाव राहू दे.”